डावीकडं न वळणारी मोटार

जयंतीच्या आदल्या दिवशी मी वडिलांच्या जुन्या मोटारीचं स्टिअरिंग खोललं आणि चुकीचं बसवलं.

आतला बुश, म्हणजे दांड्याभोवतीची कडी, झिजला होता, हे खरं. पण उस्मानपुऱ्यात हाकेवर मेकॅनिक असताना मी मोबाईलवर व्हिडिओ बघितला. त्यातला माणूस हसत म्हणाला, 'हे कुणालाही जमतं.' त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

शहागंजातून बुश आणला. स्टिअरिंगचा अख्खा दांडा काढला, बायकोच्या चांगल्या चादरीवर नटबोल्ट मांडले आणि तिच्या शिव्या खात परत जोडला. शेवटी चाकं वळवणारा खालचा आर्म बसवायचा राहिला. त्याआधी स्टिअरिंग दोन्हीकडं पूर्ण फिरवून बरोबर मध्यावर आणायचं असतं. व्हिडिओत तेही होतं. पण तो माणूस फार बोलतो म्हणून मी तेवढाच व्हिडिओ पुढं पळवला होता.

"चालवून बघितली का?" थोरल्या भावानं विचारलं.

"बघितली ना!"

बघितली होती. गल्लीत, पुढं-मागं. आमची गल्ली सरळ आहे.

आमच्या गल्लीच्या जयंतीच्या मिरवणुकीत तसबीर ह्याच मोटारीत असते, पुढच्या सीटवर, आईच्या मांडीवर. वडिलांनी पाडलेली रीत. ते गेल्यापासून शेजारचा पिकअपवाला दरवर्षी आपल्या गाडीवर ठेवायला तसबीर मागतो आणि आई दरवर्षी नाय म्हणते.

निळे झेंडे निघाले, हलगी कडाडली. गल्लीच्या तोंडाशी मी स्टिअरिंग डावीकडं घेतलं. ते जरासं फिरलं आणि अडकलं. उजवीकडं मात्र गरागरा. मध्य न साधताच आर्म बसवल्याचं फळ.

"वळव की!" भाऊ ओरडला.

"वळंना!"

"मग उजवीकडं घे."

"उजवीकडं नाला हाय! आईला घेऊन नाल्यात जाऊ?"

हलगी थांबली. मी भावावर खेकसलो, हॉर्न मारणाऱ्या रिक्षावाल्यावर खेकसलो, खाली उतरून टायरला लाथ घातली आणि अंगठा सुजवून घेतला.

"मेकॅनिकला बोलव म्हणलो होतो," भाऊ म्हणाला.

"आत्ता एक शब्द बोलू नको!" तो बरोबर होता, म्हणून तर जास्त डोकं फिरलं.

तेवढ्यात पिकअपवाला पुढं आला. "मावशी, द्या तसबीर इकडं. कशाला खोळंबा?"

आईनं तसबीर छातीशी धरली. "मी उतरत नसते."

मग गल्लीतल्या माणसांनी बंपरला हात घातले आणि आईसकट मोटारीचं तोंड उचलून डावीकडं ठेवलं. पुढच्या प्रत्येक डाव्या वळणाला तेच. "उचला रे!" की लगेच हशा. मी आत बसून ते बिनकामाचं स्टिअरिंग दातओठ खात धरून ठेवलेलं.

घरी आल्यावर आईनं तसबीर जागेवर लावली, पदरानं काच पुसली.

"आई, पुढच्या साली असं नाय होणार," मी म्हणालो.

"नायच होणार," ती म्हणाली. "पुढच्या साली तसबीर तू धर. स्टेरिंग मी धरते."