ओवीची पाठ

बनेश्वराच्या देवळात त्या सकाळी माझे हात जोडलेच जाईनात. आम्ही विंझरकडची शेतकरी माणसं. लेक ओवी चौथीत. लहानपणीच तिचा कणा वाकडा होत गेला, म्हणून पुण्यात ऑपरेशन करून पाठीत सळ्या बसवल्या होत्या. "पोर वाढेल तशा सळ्या लांबवत राहावं लागेल, नाहीतर वाढ अडेल," असं डॉक्टरांनी तेव्हाच समजावलं होतं. म्हणजे पुन्हा पुन्हा ऑपरेशन. आजही त्यासाठीच भरती व्हायचं होतं. तिचे वडील नसरापूरला सामान घेऊन एसटीची वाट बघत थांबले होते आणि मी दर्शनाचं निमित्त काढून तिला इथं आणलं होतं. खरं सांगायचं तर माझा धीर संपला होता. एवढं सोसूनही तिच्याहून लहान चुलत बहीण उंचीत तिच्या पुढे गेली होती. आपण लेकराला उगाच तर छळत नाही ना? देवाला मनातल्या मनात म्हटलं, काहीतरी सांग, नाहीतर मी हिला घेऊन घरी चालले.

ओवीला वाकता येत नाही, म्हणून ती कुंडातले मासे बघायला उकिडवी बसली. फ्रॉकच्या गळ्यातून पाठीवरचा व्रण दिसला. कडेवर तान्हं घेतलेली एक बाई जाता जाता थांबली.

"पाटीत सळ्या हायत व्हय हिच्या?"

"तुमाला कसं कळलं?" मी दचकून विचारलं.

तिनं वेणी पुढं घेतली. मानेखालून ब्लाऊजमध्ये उतरलेला जुना, पांढरा व्रण. "माजंबी असंच. लई डाव कापलं. आय दर डावाला रडायची, पन न्यायची. तिनं नेलं म्हनून मी हितं उबी हाय."

ओवीनं तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "मावशी, मग तुमी वाढला?"

ती हसली. "लई न्हाई गं. पन ह्याला कडंवर घ्यायापुरती वाढले."

ओवीच्या गालावरून हात फिरवून ती निघून गेली. सारोळ्याकडची होती एवढंच कळलं. नाव विचारायचं राहूनच गेलं. मी गाभाऱ्याकडे वळले तेव्हा हात आपसूक जोडले गेले. त्याच एसटीनं आम्ही पुण्याला गेलो.

ऑपरेशन नीट पार पडलं. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी जुना आणि नवा एक्स-रे शेजारी शेजारी धरला. "पाठ वाढलीय. थोडीच, पण वाढलीय."

अजून काही ऑपरेशनं बाकी आहेत. भीती जात नाही. पण आता मी देवाला अट घालत नाही. लेकीला ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत न्यायचं काम माझं, दाराच्या आतलं त्याचं. त्या बाईला त्यानं धाडलं की ती आपली आपण आली, हे मी शोधत बसत नाही. दोघांचेही उपकार मानते.

परवा ओवीचा शाळेचा फ्रॉक आखूड झाला. खालची शिवण उसवून दुमडलेलं कापड मोकळं करायला बसले आणि माझ्या तोंडून "देवा" एवढाच शब्द निघाला.