हितं रीटेक नसतोय!

आष्ट्यात माझा फोटो स्टुडिओ. गिऱ्हाईक कमी, टेकायला येणारे लय! टेकलेला माणूस चहा पितो आणि जाताना एखादा किस्सा ठेवून जातो. गल्ला रिकामाच राहिला, किस्से मात्र मावेनात. त्यातले निम्मे एकट्या विलासचे.

*

विलासचे वडील आबा, मिलिटरीतले रिटायर्ड सुभेदार. फंडाचा सगळा पैसा त्यांनी पोराच्या पुण्यातल्या फिल्म शाळेत घातला. पारावर कुणी विचारायचं, "पोरगं काय शिकतंय?"

"शूटिंग."

"व्वा! म्हंजे तुमच्यागत मिल्ट्रीतच की!"

तीन वर्षं आबांनी कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

*

डिग्री घेऊन विलासनं मुंबईत चपला झिजवल्या आणि शेवटी माझ्याकडं लग्नाच्या कॅसेटी काढायला आला. पहिल्याच लग्नात ऐन हार घालताना लाइट गेली. हा ओरडला, "कट! रीटेक!"

नवरी बिचारी घातलेला हार काढायला लागली! भटजी लालबुंद. पाहुण्यांत बसलेले आबा गरजले, "गप रं! हितं रीटेक नसतोय! जे हुतंय ते एकदाच!"

*

जतच्या लग्नात तर कहरच. कॅसेट बघून नवऱ्याचा बाप तडक दुकानात आला. "मेंढरं झ्याक आल्यात. पर आमचा मामा कुठाय?"

विलास म्हणाला, "काका, ते वातावरण आहे."

"मग पैसं वातावरणाकडनंच घ्या!"

*

आमच्याच दुकानात एकानं आबांना डिवचलं, "पोराच्या शाळेत घातलेल्या पैशात ट्रॅक्टर आला असता, आबा!"

"आला असता की. पर त्यो मला आबा म्हणला असता व्हय?"

पण सगळे गेल्यावर आबा हळूच म्हणाले, "खरं सांग, लागंल का रं पोराला काम?"

मी चहाचा कप त्यांच्यापुढं सरकवला. म्हटलं, "लागंल की! न लागून जातंय कुठं!"

*

आणि लागलं! वाईला एका मराठी पिक्चरचं युनिट आलं, त्यात विलास कॅमेऱ्याचा असिस्टंट. मी आणि आबा एसटीनं बघायला गेलो, तर हा कॅमेऱ्यापासून हिरोच्या नाकापर्यंत टेप धरून उभा!

आबा हबकलेच. "एवढं शिकून टेप? हे तर आपला गवंडीबी करतोय!"

"आबा, टेप चुकली तर हिरोचं तोंड पुसट येतंय."

आबांनी जरा विचार केला. "मग नीट धर."

*

पिक्चर सांगलीला लागला. अख्खी गल्ली ट्रॅक्स जीप भरून गेली. विलास तेवढा नव्हता, त्याला पुढचं काम लागलं होतं. पिक्चर संपला, पडद्यावर नावं सुरू झाली आणि पब्लिक निघालं दाराकडं. आबा मधल्या वाटेत उभे राहिले आणि परेडचा आवाज काढला, "सब बैठ जाओ!"

सगळं थेटर खाली बसलं. नावं वर सरकत होती. तेवढ्यात आलं विलासचं! आम्ही शिट्ट्या मारल्या, टाळ्या पिटल्या.

आबा नेमके चष्मा पुसत होते. डोळ्यांचं पाणी खळतच नव्हतं. चष्मा चढवून बघतात तर पडदा पांढरा!

ते गर्रकन मागं वळले आणि वर ऑपरेटरच्या खिडकीकडं बघून ओरडले,

"रीटेक!"