तापीअक्काचं ‘अन् मंग?’

तापीअक्का कुणाला ‘ये’ म्हणायची नाही आणि ‘जा’ही म्हणायची नाही. माणूस उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायला लागला, की ती विचारायची, “कुठी चालला?” तो सांगायचा. “अन् मंग?” तो तेही सांगायचा. “अन् मंग?” असं करत करत ती त्या बिचाऱ्याला अशा ठिकाणी नेऊन सोडायची, की तिथं एक तर काही तरी मोडलेलं असायचं, नाही तर कुणी तरी गेलेलं असायचं. सायकलचा ब्रेक, चुलीजवळची रॉकेलची बाटली, पुराचं पाणी, काहीही चालायचं तिला. बाजाराला निघालेला माणूस तोंड वाईट करून बाजाराला जायचा.

मी धुळ्याची. लग्न होऊन असोद्याला आले, तेव्हा दारात मला ओवाळत होते आणि सगळ्या बायका नाव घे, नाव घे म्हणून मागे लागल्या होत्या. तेवढ्यात मागून एक कोरडा आवाज आला, “नायलानची साडी. पदर दिव्यावर जाईन. अन् मंग?” कुणी तरी माझा पदर ओढून कमरेला खोचला. नाव घ्यायचं राहिलं ते राहिलंच. मला पोचवायला आलेले माझे वडील परत निघताना हळूच म्हणाले, “पोरी, आठे समदं चांगलं शे. पन त्या म्हतारीपाईन जराशी दूर ऱ्हायजो.”

दूर कशी राहणार? ती माझ्या नवऱ्याची मोठी काकू, आणि खरं म्हणजे आईच. माझी सासू दोन्ही मुलगे लहान असतानाच गेली. प्रभाकरला आणि धाकट्या रमेशला तापीअक्कानंच वाढवलं. ती विधवा, मूलबाळ नाही, एवढंच मला सांगितलं गेलं होतं. दुसरी गोष्ट शेजारणींनी सांगितली, ती मात्र आवाज खाली आणून. अक्काची जीभ काळी आहे. जन्मापासून डाग आहे. ती बोलते ते होतं. मी शिकलेली, बी.एड. झालेली, अशा गोष्टींना हसणारी. तरीही अक्का जांभई द्यायला लागली, की मी वाकून बघायची. दात मिसरीनं काळे होते. जीभ माझ्यासारखीच होती.

पोरांना तिनं ‘अन् मंग’वरच पोसलं होतं. चिंचेवर चढायचंय? फांदी मोडली तर काय, ते आधी सांग. तळ्यावर जायचंय? पाय घसरला तर कुठे धरशील, ते सांग. प्रभाकर त्यातून तयार झाला तो कडीला कुलूप लावून, पुन्हा ओढून बघून, चार पावलं गेल्यावर परत येऊन बघणारा. रमेश पार निराळा. “अन् मंग?” म्हटलं, की तो तिचे गाल ओढून म्हणायचा, “अन् मंग जेवू, अक्का! अन् मंग झोपू!” त्यावर मात्र अक्का हसायची. तिला हसताना मी फक्त त्याच्यासमोर पाहिलं. एकाच ताटात जेवलेले दोघं भाऊ, पण एकाच्या अंगी तिचं शिकवणं मुरलं आणि एकाच्या अंगाला ते शिवलं नाही.

मी जळगावला मेहरूणच्या बाजूला एका शाळेत शिकवायला जायची. आमच्या मुख्याध्यापकांचं एक ठाम मत होतं. विचार करण्याची शक्ती उपजत असते, ती काही शिकवता येत नाही. ‘मुळात असावं लागतं’ असं म्हणून त्यांनी अर्धा वर्ग मोडीत काढला होता. एकदा संध्याकाळी तुरीच्या शेंगा सोलता सोलता मी अक्काला हे सांगितलं. वाटलं, ती मान डोलवेल. तिनं सोललेले दाणे सुपात टाकले.

“वासरू जलमलं का उठून थेट कासेले लागतं,” ती म्हणाली. “ते उपजत. माय नही दिसली का पोरगं रडतं, ते उपजत. मानूस बुडतांना दिसला का आपून उडी मारतो, तेबी उपजत. इचार म्हंजे ते नही. इचार म्हंजे ती उडी थांबवनं. ते कोनी पोटातून आनत नही, माय.”

“मग तू कुठून आणलंस?” मी थट्टेनं विचारलं.

तिनं सूप खाली ठेवलं आणि सांगितलं. आवाजात चढ-उतार न करता, वाण्याचं सामान सांगावं तसं. मळ्यातली जुनी, झाकून ठेवलेली विहीर, आत हवा कोंडलेली. तिचा नवरा गाळ काढायला उतरला आणि खाली बसला तो उठेना. काठावर ती आणि तिचा मुलगा. हो, मुलगा होता तिला, मिसरूड फुटलेला. “तो माह्या तोंडाकडे पाहे. म्या म्हनलं, जाय, बापाले काढ. तो गेला. म्या धाडला त्याले.” तिनं नवी शेंग उचलली. “अन् मंग, हे मले कोनी इचारलं नही त्या टायमाले. मलेबी नही सुचलं. विहिरीनं शिकवलं मंग. फी लय घेतली.”

शेंगा सोलून संपल्या होत्या, तरी तिची बोटं चालूच होती. काळ्या जिभेची गोष्ट ऐकून मी पुन्हा कधी हसले नाही. तिनं घरातल्या प्रत्येकाला रोज त्या विहिरीच्या काठावर उभं करून का विचारलं, ते मला कळलं. आणि कळल्यावर जास्तच भीती वाटायला लागली.

त्या वर्षी उन्हाळा आधीच आला. विहिरीचं पाणी खाली खाली गेलं, वीज दिवसातून थोडाच वेळ यायची आणि केळीची पानं करपायला लागली. डिझेलचं इंजन होतं, पण ते वरून इतक्या खोलचं पाणी ओढेना. तेव्हा रमेशनं विहिरीच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या थोडं वर ओटा बांधून घेतला आणि इंजन खाली उतरवलं. गावात आणखी काहींनी तसं केलं होतं. माझ्या सासऱ्यांनी, आबांनी, होकारार्थी मान हलवली. केळी वाचणार म्हणून सगळे खूश होते.

रविवारी सकाळी रमेश मळ्यात निघाला. अक्का उंबऱ्याशी बसलेली.

“इंजन खाली. धूर कुठी जाईन?”

“वर जाईन, अक्का. धूर वरच जातो.”

“अन् नही गेला मंग?”

“सकायी सकायी नको बोलू वं काही!” आबा आतून ओरडले. रमेशनं तिचे गाल ओढले आणि तो गेला.

दुपारी मी आणि अक्का भाकरी घेऊन मळ्यात पोचलो, तेव्हा इंजन बंद पडलेलं होतं. मळ्यात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. इंजन का थांबलं, ते बघायला रमेश आत उतरला होता. आमचा सालदार, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, कठड्यावरून हाका मारत होता आणि आतून उत्तर येत नव्हतं. प्रभाकर केळीतून धावत आला, आत वाकून बघितलं, चपला भिरकावल्या आणि दोराकडे झेपावला.

अक्का मध्ये आली. तिनं दोन्ही हातांनी त्याच्या कमरेला मिठी घातली आणि डोकं त्याच्या छातीत रुतवलं. “तू जाशीन. अन् मंग?” तो तिला शिव्या देत होता. आयुष्यात पहिल्यांदा. तिला ओढत कठड्याकडे नेत होता, ती पाय रोवत होती. “अन् मंग, प्रभाकर? अन् मंग?” मी बाजूला उभी होते. त्याला सोडू नकोस, एवढंच मी मनात म्हणत होते, हे आज लिहून टाकते. मग तो थांबला आणि मोठ्यानं रडायला लागला.

अक्कानं मिठी सोडली नाही. तशीच, मान न वळवता ती सालदारावर ओरडली, “लिंबाचे डगाळे तोडा! दोराले बांधा अन् आत खाली-वर करा, हवा हालू द्या! पानी फेका वरून!” धावत आलेल्या गड्यांनी सगळं केलं. मग कमरेला दोर बांधून एक जण उतरला आणि त्यानं रमेशला वर आणलं. रमेश गेलेला होता.

तेराव्यापर्यंत गावभर झालं होतं. अक्का सकाळीच बोलली होती. जीभच तशी. वर, भावाला भावापर्यंत जाऊ दिलं नाही. ज्या बाईनं त्याला मांडीवर वाढवलं, तिनंच. अक्काचं ‘अन् मंग’ त्या दिवसापासून बंद झालं. ती उंबऱ्याशी बसायची आणि बाहेर जाणाऱ्याकडे नुसती बघायची. त्या बघण्यानं माणसं परत फिरून गॅस बंद आहे का बघून यायची.

प्रभाकर तिच्या हातचं पाणी पीत नव्हता. घर एक, पण अक्काचं ताट मी वेगळं न्यायची. मला राग यायचा. माझं कुंकू या बाईनं राखलं आणि हा तिला विटाळ असल्यासारखा वागवतो! एकदा मी तसं बोललेही. त्यानं स्वतःचे तळहात पुढे धरले. “ती एवढीशी म्हातारी,” तो म्हणाला. “कापसाचे गठ्ठे उचलणारा मी. एका हातानं तिला बाजूला करू शकलो असतो.” त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

वर्षं गेली. आमची मुलगी शाळेत जायला लागली. एका हिवाळ्यात अक्का बाजेला खिळली. उन्हात, अंगणात तिची बाज टाकलेली असायची. मी तिला चहा पाजत होते, तेव्हा प्रभाकर बाजारातून आला आणि पिशवी हातात धरूनच तिच्या पायथ्याशी उभा राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

“अक्का, एक खरं सांग. त्या दिवशी मी थांबलो, का तू थांबवलं?”

अक्कानं डोळे उघडले. मी तिला ओळखत होते; ती मनातल्या मनात एकेक पाऊल पुढे जाऊन बघत होती.

“तू?” ती म्हणाली. “तुले कुठी इचार व्हता? तू तं बैलासारखा वढत व्हता. म्याच नही सोडलं. आत रमेशचा हात हालतांना म्या पाह्यला, या डोयांनी. तरी नही सोडलं तुले. पाप माह्यं हाये. तुह्यं काही नही त्याच्यात.”

प्रभाकरच्या हातातली पिशवी गळून पडली. तो बाजेशी खाली बसला, तिच्या पायांवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. मग उठून माझ्या हातातली कपबशी घेतली आणि उरलेला चहा त्यानंच तिला पाजला. थोड्याच दिवसांत ती गेली. अग्नी त्यानं दिला. त्यानंतर तो रात्रीचा शांत झोपायला लागला. अजूनही अक्काचा विषय निघाला, की तो म्हणतो, तिनं मला सोडलंच नाही हो, मी तर निघालो होतो.

मी मान डोलवते. मी बाजूलाच उभी होते. शेवटचं ‘अन् मंग?’ कानावर पडलं आणि त्याचे हात आपोआप सैल पडले, ते मी बघितलं आहे. अक्काची मिठी तर तेव्हा सुटतच आली होती. लहानपणापासून तिनं शिकवलेलं त्या क्षणी त्याला आलं आणि तो स्वतः थांबला. आणि रमेशचा हात? तो हलला की नाही, देव जाणे. अक्काला तो दिसणं शक्यच नव्हतं. ती सगळा वेळ विहिरीकडे पाठ करून उभी होती.