मुहूर्ताची मूठ

दोन हजार बावीस साल. मी एकोणसत्तर वर्षांचा होतो आणि सिंदीच्या एका जिनिंगमध्ये मुकादम होतो. शाळा म्हणाल तर तिसरीपर्यंत. पण कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला की आत ओल किती, हे मी सांगायचो. पुढं ओल मोजायचं मशीन आलं, त्यानंही तेच सांगितलं. मशीन खरं बोलते, एवढं मी तेव्हा मान्य केलं.

जिनिंग म्हणजे कापसातली सरकी काढायची, रुई वेगळी करायची आणि दाबून तिच्या गठाणी बांधायच्या. पूर्वी आमच्या गठाणी हिंगणघाटच्या, नागपूरच्या गिरण्यांत जायच्या. तिथला माणूस रागावला तर सकाळच्या गाडीनं यायचा, चहा प्यायचा, शिव्या द्यायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा. त्याचं तोंड आम्हाला माहीत होतं, आमचं त्याला. त्या गिरण्या एकेक करून निजल्या. मोठे शेठ घरी बसले, मुलानं कारभार घेतला, आणि गठाणी समुद्रापलीकडे जायला लागल्या. कोणत्या देशात, ते छोटे शेठ दरवेळी सांगायचे आणि मी दरवेळी विसरायचो. तिकडे मागणी वाढली की इकडे आम्हाला जेवायला फुरसत नसायची. तिकडे काही बिनसलं की आम्ही आठ-आठ दिवस घरी. काऊन, ते कोणी सांगत नसे. धंदा मात्र वाढला. छोट्या शेठच्या ऑफिसात एसी लागला आणि आमच्या वाट्याला टोप्या आल्या.

तिकडच्या गिरणीचं, म्हणजे छोट्या शेठच्या बोलीत बायरचं, म्हणणं, रुईत बायांचे केस येतात, पोत्याचे प्लास्टिकचे धागे येतात, रंगीत सूत येतं, आणि मग कापडात डाग दिसतो. म्हणून आत येणाऱ्या प्रत्येकानं डोक्यावर पांढरी जाळीची टोपी घालायची. माझ्या हाताखाली कापसातला काडीकचरा वेचणाऱ्या चौदा बाया होत्या. त्यांनी एकमेकींकडे पाहून हसत हसत टोप्या घातल्या. मी घातली नाही.

तो हंगामाचा पहिला दिवस होता. त्या दिवसाची आमच्याकडे एक रीत होती. पहिल्या गाडीतला मूठभर कापूस मी घ्यायचो, त्याला लाल नाड्याचे सात फेरे देऊन गाठ मारायचो, कुंकू लावायचो आणि कापसाच्या गंजीवर ठेवायचो. नारळ फुटला की ती मूठ मीच उचलून भिंतीतल्या देवळीत ठेवायची. मगच बायांनी टोपल्या भरायच्या. गाठ माझ्या बापाची. तो गठाणीचं पोतं शिवायचा, तेव्हा सुतळीचं टोक दोनदा आतून घेऊन उलटं ओढायचा. ती सुटत नाही, कापावी लागते. सिंदीत माझ्याशिवाय ती कोणाला येत नव्हती, आणि याची मला घमेंड होती. ती अजून आहे.

त्या साली टोपल्या गेल्या होत्या. गंजीपासून थेट मशीनपर्यंत कापूस ओढून नेणारा मोठा पाइप बसला होता. नारळ फुटला आणि मी मूठ उचलायला निघालो, तर छोट्या शेठनं मला अडवलं.

"मुकादमजी, टोपी."

"माह्या डोक्यावर एक केस दाखवा. दाखवला त घालतो."

"बायर का रूल है. केस हो या ना हो."

"त्या बायरले म्हना, येजो बाप्पा सिंदीले, पाह्यजो माह्यं टक्कल."

बाया खो-खो हसल्या. हसल्या म्हणून मी आणखी चढलो. साठ वर्षं न घालता चाललं, आता काऊन, असं बरंच काही बोललो. तेवढ्यात कोणीतरी बटन दाबलं. वळून पाहिलं तर पाइप गंजी ओढून राह्यला होता आणि वर मूठ नव्हती. मनात म्हटलं, एखाद्या बाईनं देवळीत ठेवली असेल. देवळीत पाहिलं तर एक मूठ होती. ती गेल्या वर्षीची होती. जुना नाडा आणि नवा नाडा मला कळत नाही असं नाही. त्या दिवशी मी कळून घेतलं नाही.

फाल्गुनात एक दिवस दुपारी छोट्या शेठनं सगळ्यांना वजनकाट्याजवळ बोलावलं. तिकडच्या गिरणीतून फोनवर फोटो आला होता. आमची गठाण फोडली तर आत लाल सूत निघालं. गठाणीवरच्या नंबरावरून ती पहिल्या दिवसाची.

"त्या दिवशी पाइपच्या तोंडाशी कोण होतं?"

होती ती हिंगणीकडून लग्न होऊन आलेली एक बाई. बावीस वर्षं माझ्यासोबत काम केलेली, हातानं चपळ, तोंडानं त्याहून चपळ. तिच्या वेणीला कायम लाल फीत. छोट्या शेठनं फितीकडे बोट केलं.

"माही फीत साटिनची हाये, शेठ," ती म्हणाली. "हे त सूत दिसते. कापसाचा धंदा करता ना तुमी?"

कोणी हसलं नाही. शेठनं फोन माझ्यापुढे धरला. "मुकादमजी, तुम्ही सांगा. तुम्हाला नजर आहे."

मी चष्मा लावला. कुठल्यातरी लांबच्या टेबलावर, पांढऱ्या कागदावर, माझा नाडा पडला होता. बाजूला पट्टी ठेवून त्याची लांबी मोजली होती. फेरे तुटून गेले होते, पण टोकाला गाठ होती. दोनदा आतून, उलटी ओढलेली. मशीनमधून गेली, प्रेसखाली दबली, जहाजात बसली, तरी सुटली नव्हती. खोटं काऊन सांगू, पहिल्यांदा मला बरंच वाटलं. बापाची आठवण आली. मग वर पाहिलं तर सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"फोटोत काई समजत नाई बा," मी म्हटलं.

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिनं टोपी काढली, नीट घडी केली, काट्यावर ठेवली आणि गेली. छोट्या शेठनं तिथंच उभ्या उभ्या तिकडं कळवलं की कामगार काढून टाकला आहे. त्याचाही नाइलाज होता म्हणा. हिंगणघाटच्या गिरणीतही एकदा माझी मूठ गेली होती. तिथला माणूस ती खिशात घालून घेऊन आला, टेबलावर फेकली, म्हणाला, "मुकादम, तुमचा देव आमच्याकडे आलता." चहा झाला, हसणं झालं, मिटलं. या बायरला मी माहीत नाही, माझा देव माहीत नाही. रंगीत सूत तेवढं त्याला दिसलं. पैसे पांढऱ्या रुईचे दिले तर त्यानं लाल सूत काऊन चालवून घ्यावं? त्याचं बरोबरच होतं. पण इतक्या लांबच्या माणसाचं समाधान करायला इथं कोणाचं तरी काम जावं लागतं, आणि ते सगळ्यात खालच्याचंच जाते.

कोणाचं जायला पाहिजे होतं, हे त्या दिवशी एकट्या मला माहीत होतं. निदान मला तसं वाटलं.

सुट्टी झाल्यावर मी तिच्या घरी गेलतो. ती दारात बसून सुपात तुरी पाखडत होती.

"या मुकादम. बसा."

मी बसलो नाही. "ते सूत... माही मुहूर्ताची मूठ होती ते."

"मंग?"

"मंग काय. सांगून राह्यलो."

"मले काऊन सांगता? मले मालूम नाई काय? बावीस वर्सं पाहून राह्यली तुमची गाठ. शेठनं फोन धरला तवाच वळखली."

"मंग बोलली काऊन नाई वो?"

तिनं सूप दोनदा झटकलं. "तुमचं तोंड पाहत होती. म्हटलं, बुढा आता बोलन, मंग बोलन. टकल्याले टोपी नाई चालत, पन बाईचं काम गेलेलं चालते."

चहा मात्र तिनं ठेवला, आणि मी तो उभ्यानं प्यालो. निघताना म्हणाली, "उद्या मी येत नाई. पोराले सांगतलं, सेलूले काम पाह्यजो म्हून."

तिचं जिनिंगमधलं काम पुढं दोन हंगाम टिकलं, हे इथंच सांगून टाकतो. मग रंगीत सूत ओळखून उडवून देणारं मशीन बाहेरच्या देशातून आलं आणि चौदाच्या चौदा घरी बसल्या. काही सोयाबीन कापायला जातात. ती सेलूला एका मेसमध्ये पोळ्या लाटते. रस्त्यात भेटली तर अजून मला मुकादम म्हणते. ते मशीन मी थांबवलं नाही, थांबवणारा मी कोण. माझ्या हातात होती ती एक सकाळ.

दुसऱ्या दिवशी भोंग्याच्या आधी मी जिनिंगवर गेलो. खिशात नवा नाडा होता. फाटकाजवळच्या खोक्यातून एक जाळीची टोपी घेतली आणि टकलावर ओढली. कानाजवळ तिचं इलास्टिक चावलं. गंजीतून मूठभर कापूस घेतला आणि तसाच ऑफिसात शिरलो. छोट्या शेठच्या टेबलावर, एसीच्या गारव्यात, सात फेरे दिले, टोक दोनदा आतून घेतलं आणि उलटं ओढलं.

"मुकादमजी, ये क्या है?"

"कालचा फोटो काढा अन् बाजूले ठेवा."

त्यानं फोन काढला. फोटो पाहिला, गाठ पाहिली, परत फोटो पाहिला. मग माझ्या डोक्यावरच्या टोपीकडे पाहिलं.

"कामगार काढला म्हनून तिकडं लिवलं ना तुमी," मी म्हटलं. "तो हा. तिले आधी बोलावा, मंग मी जातो."

मी बाहेर काट्याजवळच्या बाकावर जाऊन बसलो. भोंगा झाला, बाया आत गेल्या, एकेक माझ्या डोक्याकडे पाहून गेली, पण हसली कोणी नाही. ऊन पायाशी आलं तेव्हा ती फाटकात दिसली. मी उठलो, टोपी काढली, घडी करून काट्यावर ठेवली आणि घरी गेलो.