सी ड्राइव्हमधला धवला

वडप्याच्या गोदामांत कॉम्प्युटर अडून बसला की टेमघरच्या भूपेशला फोन जातो. स्कूटरने कंबर मोडली, तरी फोन काही थांबत नाहीत. हल्ली सगळ्यांचं दुखणं एकच. अपडेट होत नाही, जागा नाही. होणार कुठून? इथल्या रिपेरवाल्यांची जुनी रीत अशी की सी ड्राइव्ह चिमूटभर ठेवायचा आणि डी ऐसपैस. विंडोज बिघडली की सी पुसून नवी टाकायची, डीमधला माल सुखरूप. रीत चांगली होती, पण अपडेट फुगत गेली, आणि लोक आपला सगळा पसारा डेस्कटॉपवर, म्हणजे सीमध्येच टाकत राहिले.

"माल डीमध्ये ठेवा," हे सांगून भूपेशची जीभ झिजली. पण लोका सांगे ब्रह्मज्ञान! घरी त्याच्या आईचे धवले, म्हणजे तिने गायलेल्या लग्नगीतांची रेकॉर्डिंगं, डेस्कटॉपवरच पडली होती. आई पुतळाबाई ही लग्नात गाणारी धवलारीण. तिच्या गळ्याशिवाय आसपास हळद लागत नसे. ती गेल्यावर तेवढाच आवाज उरला होता. बायको, गोदू, संध्याकाळी तो लावून भाकऱ्या थापायची. एकदा घरच्या कॉम्प्युटरचंही अपडेट अडलं. दमूनभागून आलेल्या भूपेशने सवयीने सी पुसला आणि आवाज गेला. गोदूने त्या संध्याकाळपासून कॉम्प्युटर लावला नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

आज दौलतशेठच्या गोदामात तेच रडगाणं. अपडेटशिवाय बिलाचं सॉफ्टवेअर चालेना आणि बाहेर ट्रकवाले हॉर्न मारून जीव खात होते. डेस्कटॉप शेठच्या पोरीच्या लग्नाच्या व्हिडिओंनी खच्चून भरलेला.

"उडव रं सगलं. गाड्या हुब्या हायत भायेर," शेठ म्हणाले.

"डीमध्ये हलवतो ना शेठ. थोडा येल लागंल."

"येलच न्हाय मना. फोटोवाल्याकडं आसंल कापी."

भूपेशला वाद घालायचंही त्राण नव्हतं. उडवणं एका बोटाचं काम, आणि बोट बटणावर गेलंही. पण दुधाने तोंड पोळलेला माणूस तो. त्याने एक व्हिडिओ उघडून पाहिला.

हळदीचा मांडव. माइकसमोर, पदर कमरेला खोचून, पुतळाबाई गात होती.

शेठ वाकून बघू लागले. "ही तं टेमघरची धवलारीण! काय गला व्हता बाईचा."

"माझी आय ती," भूपेश म्हणाला.

शेठ उठले आणि हॉर्नच्या तोंडावर ऑफिसचं दार लावून घेतलं.

भूपेशने सगळे व्हिडिओ डीमध्ये हलवायला लावले. गोदूला फोन करून मोबाइल स्पीकरजवळ धरला. पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.

"कुठं गवसली आय?" तिने विचारलं. "आता सीत न् डीत कुठंच ठेवू नका तिला. घरी घेऊन या."