गोदीतली उडी कोणाची

माझा मामा आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाटणीचा मार खात आला. सिनेमात गुंड हिरोला तुडवायचे, तेव्हा हिरोचे कपडे घालून खाली पडलेला मामा असायचा. मध्यंतरानंतर हिरो गुंडांना तुडवायचा, तेव्हा त्या गुंडांतही मामा असायचाच. दोन्ही पक्षांकडून मार खाणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. नाकाचं हाड इतक्या वेळा मोडलं की शेवटी डॉक्टरांनीच त्याचा नाद सोडला. एका कानाची पाळी आगीच्या सीनमध्ये गेली. तो जमिनीवर आदळला की असा आवाज यायचा की सेटवरच्या लोकांनी त्याचं नाव आपटीबार ठेवलं, आणि तेच पुढे गल्लीपर्यंत आलं. मामी जिवंत होती तोवर ती तेवढी त्याला अहो म्हणायची.

'गोदी नंबर नऊ' हा त्याचा सगळ्यात मोठा सिनेमा, म्हणजे हिरोचा. त्यात हिरो क्रेनच्या टोकावरून गोदामाच्या काचेच्या छपरावर उडी टाकतो, छप्पर फोडून आत पडतो आणि मुठीला सायकलची चेन गुंडाळत उठतो. उठतो तो हिरो. पडला होता तो मामा. त्या सीनसाठी अंगाला न कापणारी साखरेची काच मागवली होती, ती टेम्पोतच फुटली. दिग्दर्शकाला ऊन होतं तोवर सीन हवा होता. मामा म्हणाला, खरी लावा. खरी काच त्याच्या पाठीत इतकी घुसली की मामी पुढे कितीतरी दिवस चिमट्यानं तुकडे काढत होती, आणि खाली अंथरलेल्या गाद्या एका बाजूला सरकल्यामुळे खुब्याचा चुरा झाला. आत सळई बसवली. डॉक्टरांनी सांगितलं, पुन्हा त्या बाजूवर पडलात तर जन्मात उभे राहणार नाही.

मामाला भीती एवढ्या एकाच गोष्टीची होती. मामी गेल्यावर तो तिसऱ्या मजल्यावर एकटा राहायचा, लिफ्ट नाही, मूल नाही. मी शेजारच्या इमारतीत, पण मी काही त्याला खांद्यावर घालून जिने चढणार नव्हते. ज्या दिवशी चालता येणार नाही त्या दिवशी माझा कारभार आटोपला, असं तो सरळ म्हणायचा. पायरी उतरताना कठडा असा धरायचा की बोटं पांढरी पडायची. माझं कॅन्टीन ज्या थिएटरात आहे तिथेच मी त्याला गेटवर तिकिटं फाडायला लावून दिलं. बसून काम, पडायचा प्रश्न नाही, असं मला वाटलं होतं.

आता गोदीवाल्यांबद्दल. हे त्या सिनेमाचे भक्त. दरवर्षी आमच्याकडे तो सिनेमा लावायचे, काळे बनियन घालून, हाताला चेन गुंडाळून यायचे आणि हिरोच्या आधी त्याची वाक्यं ओरडायचे. चार बाटल्या फुटायच्या, कुणाच्या तरी भुवईला टाके पडायचे, मग समाधानानं घरी जायचे. त्यांचा म्होरक्या साखळ्या. त्याचं टायरचं दुकान होतं आणि मनगट माझ्या पोटरीएवढं. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून त्यानं तो सिनेमा पाहिला होता. उडी हिरोनं स्वतः मारली, ही त्यांची श्रद्धा. देव आहे की नाही यावर एक वेळ बोलू देतील, यावर नाही. मामाला हे माहीत होतं. तो गुपचूप तिकिटं फाडायचा आणि त्या सीनला दाराच्या पडद्याआडून तेवढा डोकावायचा.

मग त्या सिनेमाच्या नव्या अवताराचा ट्रेलर आला. हिरो नवा, गोदी नवी, उडी कॉम्प्युटरवर केलेली. गोदीवाल्यांनी नव्या हिरोच्या पोस्टरचे डोळे फोडले, पोस्टर लावणाऱ्याचं डोकंही फोडलं. त्या धामधुमीत मोबाईलवर बातम्या करणारी एक मुलगी आली आणि तिनं मामापुढे माइक धरला. उचलली जीभ लावली टाळ्याला. मामानं सांगितलं की जुन्या सिनेमातली उडी माझी होती. वर हेही सांगितलं की नव्यातलं पोरगं बरं पडतं, दोरी बांधून का होईना, आणि कुणाचा खुबा जात नसेल तर कॉम्प्युटर चांगलाच. मी डोक्याला हात लावला.

पहिल्या खेळाच्या सकाळी सिनेमाच्या कंपनीनं आमच्या लॉबीत लुटुपुटीची मारामारी ठेवली होती. चार पोरं एकमेकांना बुक्के मारत कोलांट्या घेत होती, लोक मोबाईलवर टिपत होते. मामा स्टुलावर बसून त्यांना ओरडत होता, मान उशिरा वळतेय, मान. त्याच्या धंद्याचा हा पहिला नियम. फटका बसायच्या आधी मान वळली पाहिजे, बसल्यावर वळली तर जबडा जातो. हे त्याच्या हाडात इतकं मुरलेलं होतं की मी माशी हाकलायला हात उचलला तरी त्याची मान फिरायची.

दुपारच्या खेळाला गोदीवाले आले. उडीच्या सीनपर्यंत दम धरला, मग आत आगडोंब उसळला. खुर्च्या उपटल्याचा आवाज आला, पडदा टर्रकन फाटला. नव्या हिरोला शिट्टी मारणारा एक कॉलेजातला मुलगा गाल धरून बाहेर आला, बोटांतून रक्त गळत होतं. त्याच्या मागून चेन गुंडाळलेला साखळ्या आला आणि सरळ गेटवर गेला. मामाची कॉलर धरून त्यानं त्याला स्टुलावरून उचललं. पुढच्या खेळाचे लोक लॉबीभर उभे होते.

"बोल, उडी कुणी मारली होती?"

मी काउंटरवरून ओरडले की मामा, हिरोनं म्हण आणि मोकळा हो. मामानं माझ्याकडे पाहिलं, मग साखळ्याकडे.

"मी."

साखळ्यानं हात उगारला. मामाची मान आधीच फिरली, डावा खांदा वळला, तो गिरकी घेऊन एका गुडघ्यावर गेला आणि हाताच्या तळव्यानं फरशीवर असा फटका दिला की लॉबी दणाणली. हात त्याला लागलाच नव्हता. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. सकाळची मारामारी बघितलेले, तिच्याबद्दल ऐकलेले, सगळ्यांचे मोबाईल वर गेले. म्हाताऱ्याला घेतलंय, भारी आहे, असं कुणीतरी म्हणालं. मी गळा फाटेस्तोवर सांगत होते की हे खरं आहे. त्यांना मीही खेळातलीच वाटले.

"पडणारा तू ना? मग पूर्ण पड," साखळ्या म्हणाला. "गोदीत पडलास तसा पड, म्हणजे सोडतो."

मामा गेटचा लोखंडी दांडा धरून उठला. "नाही पडत," म्हणाला. "सिनेमात पडलो तेवढं बास."

पुढचा ठोसा त्यानं मान न वळवता घेतला. मान वळली की अंग मागोमाग जातं, आणि अंग गेलं की खुबा जातो, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार. दांड्याला दोन्ही हातांनी मिठी मारून तो उभा राहिला. चेन त्याच्या गालावर बसली, भुवई फाटून डोळ्यावर आली, दाताचा तुकडा माझ्या काउंटरच्या काचेवर आपटला. पोटात गुडघा बसला तेव्हा तो ओकला, पण हात सुटले नाहीत. साखळ्या रडकुंडीला येऊन ओरडत होता, पड रे, पड. आणि लोकांनी मोबाईल खाली घेतले, कारण खरा मार बघायला अगदी फालतू असतो. आवाज येत नाही, कुणी उडत नाही, एक माणूस नुसता ओला होत जातो. दोघेतिघे कंटाळून पॉपकॉर्नच्या रांगेत आले, माझ्यासमोर.

मी चहाचं उकळतं पातेलं उचललं आणि साखळ्याच्या पाठीवर ओतलं. तो ज्या आवाजात किंचाळला तो मला अजून आठवतो, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटतं.

मामाचा जबडा दोन ठिकाणी मोडला. तारांनी दात बांधले, एक डोळा अर्धाच उघडायचा. खुब्याचा फोटो काढला, सळई जागच्या जागी होती. मी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून रडले. इकडे मारामारीची चित्रफीत सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होती आणि तिच्याखाली लोक आपली अक्कल पाजळत होते. पहिली थप्पड झकास, नंतरचं खोटं वाटतं. म्हाताऱ्याला मार खाता येत नाही. मारत्याचे हात धरवतात, बोलत्याचं तोंड धरवत नाही, म्हणतात ते काही उगाच नाही. मी ते मामाला वाचून दाखवलं. त्याला हसू आलं आणि तारांतून रक्त आलं.

मग एका गोदीवाल्यानंच दोन तुकडे शेजारी शेजारी लावले. एकीकडे जुन्या सिनेमात काच फोडून पडणारा पाठमोरा हिरो, एकीकडे आमच्या लॉबीतली पहिली थप्पड. तोच डावा खांदा आधी, तशीच गिरकी, तोच तळवा फरशीवर. शेकडो वेळा पाहिलेली पाठ ओळखायला ते चुकणार नव्हते. जे मामाच्या तोंडून ऐकलं नाही, ते पाठीवरून पटलं.

दोन दिवसांनी ते वॉर्डात आले. काळे बनियन, हातात फुलं. साखळ्या सर्वांत पुढे, मानेपासून कमरेपर्यंत पट्ट्या, डोळे लाल. माझा हात पाण्याच्या तांब्याकडे गेला. तो मामाच्या पायांशी वाकला आणि म्हणाला, "काका, चुकलो. आमचा हिरो तुम्ही." मग मागून कुणीतरी मोबाईल वर केला, आणि साखळ्यानं खरोखरच हात जोडून विचारलं, "एकदा पडून दाखवता? गादीवर का होईना. नुसतं एकदा."

मामानं पांघरूण बाजूला केलं. पाय खाली सोडले, खाटेचा कठडा धरला आणि उभा राहिला. गोदीवाल्यांनी लगबगीनं जागा करून दिली. तो एकेक पाऊल टाकत, कठड्यावरून भिंतीवर हात सरकवत, त्यांच्यामधून दारापर्यंत गेला. त्यानं दार उघडलं, आणि ते सगळे बाहेर जाईपर्यंत धरून उभा राहिला.