हेल्मेटवरचा टाक

रविवारी संध्याकाळी पाच ते साडेपाच आमच्या घरात कुणी आजारी पडायचं नाही, पाहुणा यायचा नाही आणि आलाच तर त्याने टीव्हीच्या समोर बसायचं नाही, असा माझा आणि काकाचा कायदा होता. कायदा आमच्या दोघांचाच होता, त्यामुळे तो कुणी पाळत नसे. आई भाजीची परडी घेऊन बरोबर मध्ये येऊन बसायची आणि विचारायची, "हा हिरवा कोण?" दर रविवारी हिरवा वेगळा असायचा, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. नाशकातल्या अंबडच्या कारखान्यांना लागून असलेल्या आमच्या वसाहतीत नुकतीच केबल आली होती, आणि कुठल्याशा चॅनलवर ती जपानी मालिका हिंदीत लागायची. एका बंदरावर दर आठवड्याला समुद्रातून एक राक्षस वर यायचा आणि शहर तुडवायला लागायचा. मग त्याच्याएवढाच एक चंदेरी महाकाय योद्धा उभा राहायचा. त्याच्या कपाळावर एक गोल चकती चमकायची. बंदराचा भोंगा तीनदा वाजेपर्यंत त्याचं बळ टिकायचं, तेवढ्यात राक्षसाचा निकाल लावावा लागे. जपानी माणसांचे ओठ थांबले तरी हिंदी चालूच असे. मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. मी अकरा वर्षांचा होतो.

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. तेव्हा सव्वीसचा असेल. आयटीआय झालेला फिटर. सहा महिने अंबडला कंत्राटावर, सहा महिने घरी. बाबा कायम नोकरीतले, म्हणून घरात शब्द त्यांचा. सव्वीस वर्षांचा घोडा पोरासोबत राक्षस बघत बसतो, हे ते जेवताना ऐकवायचे. काका भाकरीचे तुकडे मोडत राहायचा.

पण टीव्हीसमोर तो बोलका व्हायचा. "ती तार बघ, विमानाला बांधलेली. त्या इमारती पुठ्ठ्याच्या आहेत. आणि राक्षसाच्या कातड्यात माणूस आहे, खराखुरा. आत घामाने निथळत असेल बिचारा." मला योद्धा आवडायचा, त्याला मात्र कातड्यातल्या माणसाची काळजी. दिंडोरीच्या मित्राकडून त्याने द्राक्षांची रिकामी खोकी आणली आणि गच्चीवर अख्खं शहर उभं केलं. मी योद्धा व्हायचो. तो गोधडी पांघरून राक्षस व्हायचा आणि दर वेळी हरायचा, तेही इतकं मन लावून, की शेजारच्या गच्चीवरून टाळ्या पडायच्या.

एक भाग मात्र त्याने गप्प बसून पाहिला. तो पहिला भाग होता, पुन्हा दाखवलेला. बंदरावरचा एक क्रेनवाला पाण्यात पडतो, बुडतो. तळाशी तो योद्धा झोपलेला असतो. तो जागा होतो आणि त्याला आपल्या छातीत घेतो. त्यानंतर क्रेनवाला मरत नाही, योद्ध्याच्या आत राहतो. भाग संपल्यावर काकाने टीव्ही बंद केला आणि चपला न घालताच खाली निघून गेला.

त्याचं कारण मला अर्धवट ठाऊक होतं. बाबा आणि काका यांच्यामध्ये आणखी एक भाऊ होता. एकोणिसाव्या वर्षी तो गंगापूरच्या कालव्यात बुडाला. पोहायला दोघं गेले होते, घरी चौदा वर्षांचा काका एकटा आला. यापलीकडे घरात कुणी बोलत नसे. त्या भावाचा चांदीचा टाक आमच्या देवघरात होता. बोटाच्या पेराएवढा, त्यावर उभा कोरलेला माणूस. तो आमचा वीर.

नाशकात धुळवडीला वीर निघतात. घरातलं कुणी असं अकाली गेलेलं असलं की त्याचा टाक खोबऱ्याच्या वाटीत ठेवायचा, लाल फडक्यात बांधायचा आणि हलगीच्या तालावर नाचत गंगेवर न्यायचा. गंगा म्हणजे आमची गोदावरी. नाशिककर तिला दुसरं काही म्हणत नाहीत. तिथे त्याला आंघोळ घालायची आणि घरी आणायचं. सोबत पोरं राम, कृष्ण, शिवाजी अशी सोंगं घेऊन चालतात. आमच्या घरी वीर हातात घ्यायचा मान काकाचा होता. वर्षभर त्याला टोचून बोलणारे बाबा त्या सकाळी दोन्ही हातांनी ते लाल बोचकं त्याच्याकडे द्यायचे. एरवी पोक काढून चालणारा काका त्या दिवशी ताठ चालायचा. तो भावाला घेऊन पाण्यावर जात होता आणि परत घरी आणत होता. वर्षातून एकदा का होईना, दोघं परत येत होते. हे मला आज कळतं. तेव्हा कळलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

त्या वर्षी मी हट्ट धरला, की मी राम होणार नाही, योद्धा होणार. काकाने बाबांना कसंबसं पटवलं आणि आठवडाभर खपला. जुन्या स्कूटरचं हेल्मेट, त्याला चंदेरी रंग, रेनकोट कापून शिवलेलं अंगभर कातडं. कपाळावर चकती म्हणून त्याने कुंकवाच्या डबीचं झाकण बसवलं. सगळं झकास होतं, पण ते झाकण मला खुपत होतं. झाकण ते झाकणच.

मी काकाला म्हणालो, "तिथे आपल्या वीराचा टाक लावू या."

"नाही."

"पण तो क्रेनवाला आतच राहतो ना? मग आपलाही राहील. मी नाचीन तेव्हा तोही नाचेल."

काकाने हेल्मेट बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "अरे, तो खेळ नाही. तो काका आहे तुझा." आणि पुन्हा, "नाही म्हटलं ना."

धुळवडीच्या सकाळी त्याने वीर बांधून पाटावर ठेवला आणि तो आंघोळीला गेला. मी फडकं सोडलं, टाक काढला, काकाच्या हत्यारांच्या पेटीतली काळी चिकटपट्टी घेतली आणि टाक हेल्मेटवर चिकटवला. वरून झाकण बसवलं, म्हणजे कुणाला दिसायला नको. फडकं होतं तसं बांधलं. मला चोरी केल्यासारखं अजिबात वाटलं नाही. उलट काकावर उपकार केल्यासारखं वाटत होतं.

मी कधी नाचलो नाही असा नाचलो. लोक हसत होते, पोरं मागे लागली होती, आणि काका रिकामं बोचकं छातीशी धरून माझ्या शेजारी ताठ चालत होता.

घाटावर त्याने फडकं सोडलं. वाटीत काही नव्हतं. मी कपाळाला हात लावला. झाकण लोंबत होतं, काळी पट्टी सुटली होती, टाक गेला होता.

तासभर बाबांसकट आम्ही सगळे पायऱ्यांवर रांगत होतो. गुलाल, खोबऱ्याचे तुकडे, फुलं, हजार पावलं. काका गुडघ्यापर्यंत पाण्यात उतरून तळ चाचपत होता. शेवटी एका फुलवालीला तो टाक तिच्या पाटीखाली सापडला. कुणाची तरी टाच पडून त्यावरच्या माणसाचं नाक चपटं झालं होतं.

बाबांनी माझ्या हेल्मेटवरची पट्टी पाहिली. "कुणी लावला होता हा इथे?"

माझी पाचावर धारण बसली. भोवती गर्दी, बाबांचा हात वर आलेला. मी म्हणालो, "काकाने."

बाबांना ते लगेच पटलं. पट्टी त्याची, हेल्मेट त्याने रंगवलेलं, वेड त्याचं. त्यांनी सव्वीस वर्षांच्या भावाला गंगेवर, सगळ्यांदेखत, थोबाडीत मारली. "एकदा बुडवलास तो पुरे नाही झाला?" असं म्हणाले. पंचवीसेक वर्षं होत आली, ते वाक्य मला अजून शब्द न् शब्द ऐकू येतं.

काकाने माझ्याकडे पाहिलं. आता तो सांगणार म्हणून मी डोळे मिटले. तो जवळ आला, त्याने हेल्मेटचा पट्टा सोडवला आणि ते माझ्या डोक्यावरून हळूच काढलं. "घाम आला असेल आत," एवढंच म्हणाला.

दोन महिन्यांत तो दिंडोरीला गेला, द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कामाला. मालिका पुढे चालू होती. मी दोन रविवार पाहिली आणि सोडून दिली. पुढच्या धुळवडीला बाबांनी वीर माझ्या हातात दिला. काका थेट गंगेवर यायचा, पायऱ्यांच्या कडेला उभा राहायचा, लांबून हात जोडायचा आणि दुपारच्या एसटीने परत जायचा. दर वर्षी मला वाटे, आज सांगावं. दर वर्षी एखादं कारण सापडे: सणाचा दिवस आहे, बाबांचं ब्लडप्रेशर आहे, काकाला तिकडे बरं चाललंय. भित्र्या माणसाला कारणांचा कधी तुटवडा पडत नाही. अशी अकरा वर्षं गेली.

बाविसाव्या वर्षी मीही अंबडला नोकरीला लागलो. होळीच्या संध्याकाळी मी दंतमंजनाने टाक घासत होतो. त्या चपट्या नाकावर बोट फिरलं आणि तोंडातून खरं निघून गेलं. बाबा पेपर वाचत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पेपरची घडी घातली. घडी नीट बसेना, म्हणून पुन्हा घातली. मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ते उठले आणि त्यांनी काकाला फोन लावला. "उद्या घाटावर नको, घरी ये. लवकर ये. वीर तुला घ्यायचाय." बैल गेला आणि झोपा केला, असं आई स्वयंपाकघरातून म्हणाली. ती माझ्याशी बरेच दिवस नीट बोलली नाही.

काका सकाळी सातलाच आला. कानांवरचे केस पांढरे झाले होते. बाबांनी लाल बोचकं दोन्ही हातांनी पुढे केलं. "माझं चुकलं," ते म्हणाले. हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो.

काकाचे हात पुढे आले नाहीत. त्याने ते पाठीमागे घेतले होते. "राहू दे, दादा," तो म्हणाला. "अकरा वर्षं झाली. त्याला आता याचे हात सवयीचे झाले असतील. माझे ओळखायचा नाही."

"काका, घे ना," मी म्हणालो. "मीच..."

"मला माहीत आहे रे. मी तिथेच होतो."

बाबा तसेच उभे राहिले. मग त्यांनी बोचकं माझ्याकडे दिलं, दुसरं काय करणार.

हलगी सुरू झाली. घाटाच्या पायऱ्यांवर पोहोचल्यावर मला रडू फुटलं, नाचता नाचताच, सगळं अंग हलवून टाकणारं. भोवतीच्या लोकांना वाटलं, वीर अंगात आला. बायका बाजूला सरल्या, कुणीतरी माझ्या पायावर पाणी घातलं, लोकांनी हात जोडले. काका नेहमीच्या जागी, पायऱ्यांच्या कडेला उभा होता. त्यानेही माझ्याकडे बघत हात जोडले. ते माझ्यासाठी नव्हते.